आई-बाबा भारतातून येत आहेत. लास वेगासहून झायन, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन करायचं आहे. आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यावी का?

घ्या, पण स्वस्त पडेल म्हणून घेऊ नका. गाडीचं भाडं, वर माइलाचे वेगळे पैसे, जनरेटरचे तासावर, कॅम्पग्राउंडचं रोजचं भाडं आणि गॅलनला जेमतेम आठ-दहा माइल देणारं इंजिन, हा सगळा हिशेब मांडला की साधी एसयूव्ही आणि मोटेल बहुतेक वेळा कमीतच बसतं. खरा फायदा ज्येष्ठांना. त्या भागात तास तास काहीच लागत नाही, अशा वेळी हक्काचं बाथरूम, दुपारी पाठ टेकायला पलंग आणि लहर आली की चहा. आमच्या सासूबाईंना कॅन्यनपेक्षा याचंच कौतुक जास्त होतं!

गाडी 25 फुटांच्या आतली बघा, आणि तिला फिरायची गाडी न समजता चालतं घर समजा. झायनमध्ये वॉचमन नावाच्या कॅम्पग्राउंडला लावून ठेवा आणि आत पार्कच्या शटलने फिरा. तिथून पूर्वेला जाणारा बोगदा 1930 सालचा, अरुंद आणि कमानीचा आहे. तो आपल्यासाठी नाहीच असं धरून चाला. हरिकेन आणि फ्रेडोनिया या गावांवरून पूर्वेकडच्या कनाबला जाता येतं. मॉन्युमेंट व्हॅलीतल्या 17 माइलांच्या कच्च्या रस्त्यावर आरव्हीला परवानगी नाही. तिथल्या नवाहो या मूळ रहिवासी जमातीच्या वाटाड्याच्या जीपमधून जा. धूळ खाल, पण गोष्टी ऐकायला मिळतील. तो भाग नवाहो नेशनचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कारभाराखालचा, त्यामुळे नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही आणि दारूलाही बंदी आहे. शिवाय मार्च ते नोव्हेंबर नवाहो भागातलं घड्याळ उरलेल्या ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं. फोन आपोआप वेळ बदलत राहतो, तेव्हा टूर बुक करताना कुठली वेळ ते विचारून घ्या.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर मेदर कॅम्पग्राउंड छान आहे, पण हुकअप, म्हणजे गाडीला लावायच्या जोडण्या, नाहीत. वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही हवं तर जवळचं ट्रेलर व्हिलेज. दोन्हीकडची बुकिंगं महिनोन्‌महिने आधी भरतात. हुकअप नसेल तर एसी फक्त जनरेटरवर, आणि जनरेटर लावायच्या वेळा ठरलेल्या असतात.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. संडासाचा ब्लॅक टँक आणि बेसिन-शॉवरचा ग्रे टँक वेगळे असतात. ब्लॅकचा व्हॉल्व्ह एरवी बंदच ठेवा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं तळाशी थापलं जातं. टँक बऱ्यापैकी भरला की हातमोजे घालून आधी ब्लॅक सोडायचा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपसूक धुतला जातो. हे काम वडिलांकडे देऊ नका, ते हौसेने पुढे येतील.

स्वयंपाकाचं म्हणाल तर आत फोडणी घातली की स्मोक अलार्म बोंबलतो. छोटी शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडा आणि पोहे तिथेच करा.

मे अखेर ते सप्टेंबर जाऊ नका. वेगासकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि जुलैपासून तिकडचा मान्सून: दूर कुठेतरी पाऊस पडतो आणि इथला कोरडा ओढा एकाएकी भरून वाहतो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. मात्र दक्षिण कडा सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्येही रात्री पाणी गोठू शकतं, म्हणून झोपण्याआधी गाडीला लावलेला पाण्याचा पाइप काढून रिकामा करा. वसंतात वाराही जबर असतो आणि उंच गाडी अक्षरशः बाजूला ढकलली जाते. जोराचा वारा सुटला की पुढच्या गावात थांबा, त्या रात्रीचं बुकिंग बुडालं तरी चालेल.