वाचकांचे प्रश्न: गुहेतला दिवा नेमका कुठे?

मागच्या अंकातल्या प्लेटोच्या गुहेवरच्या टिपणावर बरीच पत्रे आली. ज्यांनी ते वाचले नाही त्यांच्यासाठी रूपक थोडक्यात. ‘रिपब्लिक’ या संवादाच्या दहा भागांपैकी सातव्याच्या सुरुवातीला सॉक्रेटिस ते ग्लॉकनला, म्हणजे प्लेटोच्या भावाला सांगतो. जमिनीखाली एक गुहा आहे. तिथे लहानपणापासून माना आणि पाय बांधलेली माणसे भिंतीकडे तोंड करून बसली आहेत. त्यांच्या पाठीमागे, उंचावर, जाळ पेटलेला आहे. जाळ आणि कैदी यांच्यामधून एक वाट जाते आणि वाटेच्या कडेने बुटकी भिंत आहे. त्या भिंतीआडून काही लोक दगडालाकडाच्या मूर्ती नि प्राण्यांच्या आकृत्या वर धरून नेतात. समोर पडणाऱ्या सावल्या हेच कैद्यांचे सारे जग. मग एका कैद्याला सोडवून वर, बाहेरच्या उजेडात नेले जाते आणि शेवटी तो परत खाली येतो.

प्रश्न: अकरावीच्या मुलांसाठी खोक्यात गुहेची प्रतिकृती केली. मोबाइलचा दिवा मागे उंच लावला, पण सावल्या भिंतीवर न पडता जमिनीवरच पडतात. काय चुकते आहे? – शिक्षिका, सातारा

दिवा फार उंच गेला आहे. ‘उंचावर जाळ’ हे शब्द वाचून बहुतेक जण तो खोक्याच्या छतालाच चिकटवतात. दिवा वस्तूच्या माथ्यापेक्षा जेमतेम सेंटिमीटरभर वर हवा.

ही मापे घ्या. सगळी अंतरे दिव्यापासून मोजायची आणि उंची तळापासून. दिवा २२ सेंमी उंचीवर. ३० सेंमी अंतरावर वस्तू, तिचा तळ १५ आणि माथा २१ सेंमीवर. ३५ सेंमीवर बुटकी भिंत, उंची १४. ७० सेंमीवर कैदी, डोक्यापर्यंत ७ सेंमी. ९० सेंमीवर पांढरा कागद लावलेली समोरची भिंत. म्हणजे ६ सेंमीच्या घोड्याची सावली १८ सेंमीची पडेल, बरोबर तिप्पट, कारण ९० हे ३०च्या तिप्पट आहे. बुटक्या भिंतीची सावली कागदाच्या तळाशी साधारण दीड सेंमी येते आणि वस्तू धरणारा हात तिच्यात लपतो. कैद्यांच्या डोक्यांच्या सावल्या त्याच्या जरा वर, पावणेतीन सेंमीपर्यंत दिसतील. त्या दिसू द्या. कैद्यांना स्वतःच्याही सावल्याच दिसतात, असे सॉक्रेटिस मुद्दाम सांगतो. या मापांत दिवा ३२ सेंमी उंचीवर नेलात की वस्तूची सावली कागदापर्यंत पोचण्याआधीच जमिनीला टेकते. तुमच्याकडे हेच होत असणार.

सावली पुसट येत असेल तर दिव्याचा ठिपका मोठा आहे. काळ्या कागदाला बारीक भोक पाडून तो दिव्यापुढे लावा. दोन-दोन सावल्या दिसल्या तर खोलीतला दुसरा दिवा बंद करा.

आता यापेक्षा महत्त्वाची चूक, जी छापील चित्रांतही दिसते: गुहेच्या तोंडाशी सूर्य आणि बाहेरून जाणाऱ्या माणसांच्या सावल्या आत. असे नाही. बाहेरचा उजेड कैद्यांच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. आतली सावली खऱ्या घोड्याची नाही, घोड्याच्या मूर्तीची आहे. नक्कलेची नक्कल. मुलांना हे शब्दांत सांगायची गरज नाही. मूर्ती त्यांच्याच हातात द्या, मग त्यांना कैद्यांच्या जागी बसवा.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ मुलांनी पाहिला असेल तर एक फरक दाखवून द्या. तिथे दिवा आणि बाहुली पडद्यापलीकडे असतात, प्रेक्षक अलीकडे. गुहेत दिवा, वस्तू आणि कैदी पडद्याच्या एकाच बाजूला आहेत. म्हणून तर नुसती मान वळवता आली असती तरी सगळा कारखाना उघडा पडला असता.

प्रश्न: हा आपलाच मायावाद नाही का? दोरी आणि साप, तसेच सावली आणि वस्तू. – वाचक, नांदेड

साम्य वरवरचे आहे आणि त्याने रूपकाचा गाभा हातून निसटतो. दोरीवर दिसलेला साप दिवा आणताच नाहीसा होतो. दोरी कळली की साप उरत नाही. गुहेतल्या सावल्या मात्र खरे कळल्यावरही तशाच हलत राहतात. सुटून परत आलेल्याला त्या दिसतात, फक्त कशाच्या आहेत हे त्याला ठाऊक असते. दुसरे असे, की दोरीला भिणारा माणूस एकटा असतो. गुहेतला भ्रम सामुदायिक आहे आणि त्याला मानमरातबाची जोड आहे. कोणती सावली आधी येते, कोणती मागून, कोणत्या दोन बरोबर येतात हे अचूक ओळखणाऱ्याला तिथे बक्षिसे मिळतात. आणि सावल्या पाडणारी माणसे भिंतीआड आहेत. मायेला असे हमाल नसतात.

शिवाय रूपकाचे पहिलेच वाक्य शिक्षणाबद्दल आहे: शिकलेला आणि न शिकलेला यांच्या स्थितीची तुलना कर. जग खोटे आहे हे सिद्ध करण्यासाठी प्लेटो ही गुहा उभी करत नाही. माणूस वळतो कसा, हे त्याला सांगायचे आहे. आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालावी तसे ज्ञान आत घालता येत नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. दृष्टी आहेच, तोंड चुकीच्या दिशेला आहे. आणि डोळा एकटा वळत नाही, सबंध अंग वळावे लागते.

आपल्याकडचे जवळचे रूपक शोधायचे तर छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाच्या चौदाव्या खंडाकडे जावे. गांधार देशातल्या माणसाला डोळे बांधून निर्जन जागी सोडले आहे. तो ओरडतो. कोणी पट्टी सोडतो आणि म्हणतो, गांधार या दिशेला. मग तो गावोगाव विचारत घरी पोचतो. पट्टी, दिशा, चालणे, सगळे आहे. पण गांधारच्या माणसाला आपण हरवलो आहोत हे माहीत आहे आणि तो हाक मारतो. प्लेटोचा कैदी हाक मारत नाही. त्याला सोडवून उभे करावे लागते, खडबडीत चढावरून ओढत न्यावे लागते आणि तो सारा वेळ चिडलेला असतो. शिकवणाऱ्याने यातला आपला विद्यार्थी कोणता, हे आधी ओळखावे. दोघांना एकच उपाय चालत नाही.

आणखी वेगळी वाट ज्ञानदेवांची. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणाचे नावच अज्ञानखंडन आहे. अज्ञान म्हणून काही वेगळी वस्तू असते, हेच ते मान्य करत नाहीत. त्या प्रकरणाला गुहेच्या चित्रात बसवायचा प्रयत्न करू नका, दोन्हींवर अन्याय होईल.

प्रश्न: बाहेर आल्याबरोबर कैद्याला सूर्य का दाखवत नाहीत?

डोळे दिपतात. क्रम ठरलेला आहे: आधी सावल्या, मग पाण्यातली प्रतिबिंबे, मग प्रत्यक्ष वस्तू, मग रात्रीचे आकाश, चंद्र आणि तारे, शेवटी दिवसाचा सूर्य, म्हणजे रूपकात ‘चांगले’ याचे मूळ रूप. बाहेरही सुरुवात सावल्यांपासूनच होते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

हाच क्रम प्लेटो आपल्या आदर्श नगराच्या कारभाऱ्यांच्या शिक्षणासाठी वर्षांत मांडतो. विसाव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण आणि व्यायाम. वीस ते तीस अंकगणित, भूमिती, घनभूमिती, खगोल आणि स्वरशास्त्र यांचा एकमेकांशी संबंध जोडणे. तीस ते पस्तीस वादविद्या. ती आधी का नको? कोवळ्या वयात वाद करायची चटक लागली की मुले कुत्र्याच्या पिल्लांसारखी दिसेल त्याला ओढत, फाडत सुटतात आणि शेवटी त्यांचा कशावरच विश्वास राहत नाही. पस्तिशीनंतर पंधरा वर्षे परत गुहेत, कारभारात. पन्नाशीला सूर्य.

प्रश्न: वर सुख असताना परत खाली का जायचे? खालचे तर त्याला मारायला उठतात. – विद्यार्थिनी, पुणे

ग्लॉकनही हेच विचारतो: हा अन्याय नाही का? उत्तर असे, की कायद्याला एका वर्गाचे सुख नको, सगळ्या नगराचे हवे. तुला नगराने वाढवले, तर तुझी पाळी आली की उतर. मारण्याचे वाक्य लिहिताना प्लेटोसमोर इसवी सनपूर्व ३९९मध्ये विषाचा प्याला घेतलेला सॉक्रेटिस आहे, आणि हे तो त्याच सॉक्रेटिसच्या तोंडी घालतो.

इथे घोटाळा होतो तो घाईने. उजेडातून अंधारात आलेल्याचे डोळे काही काळ अंधाराने भरतात. त्याच अवस्थेत तो सावल्या ओळखण्याच्या चढाओढीत उतरला तर हरतो आणि लोक म्हणतात, वर जाऊन डोळे घालवून आला. अंधार सरावाचा झाला की तोच इतरांपेक्षा हजारपट बरे पाहतो. तोवर त्याने गप्प बसावे.

प्रश्न: ‘रिपब्लिक’च्या सहाव्या भागाच्या शेवटी ज्ञानाच्या चार पायऱ्या दाखवणारी जी दुभागलेली रेषा आहे, ती कशी काढायची?

१८ सेंमीची उभी रेषा घ्या. तिचे असमान दोन भाग करा, समजा १:२, म्हणजे खाली ६ आणि वर १२. मग प्रत्येक भाग पुन्हा त्याच प्रमाणात तोडा. खालून वर २, ४, ४, ८ असे तुकडे येतील. पहिला सावल्या-प्रतिबिंबांचा, दुसरा प्रत्यक्ष वस्तूंचा, तिसरा आकृती काढून केलेल्या गणिती विचाराचा, चौथा आकृतीचा आधार सोडलेल्या शुद्ध विचाराचा. मधले दोन तुकडे नेहमी सारखेच येतात, प्रमाण कोणतेही घ्या. ते सारखे आले नाहीत तर दुसऱ्या वेळी प्रमाण बदलले आहे, पट्टी पुन्हा लावा.