प्रोजेक्ट ऑनलाइन बंद होतंय: टूल नंतर निवडा, आधी जुना इतिहास बाहेर काढा

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचेच दिवस आठवले. गोव्यात वेर्ण्याची कंपनी, शटडाउन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचा तो काळ) आणि एक्स्पान्शनचं सगळं प्लॅनिंग मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ऑनलाइनवर, ते ३० सप्टेंबर २०२६ ला बंद, आणि साहेबांनी तुम्हाला सांगून टाकलंय की एक चांगलंसं टूल शोध. आमचं टूल दुसरं होतं, तेही कंपनीने असंच गुंडाळलं. धंदा आमचा सिव्हिल कॉन्ट्रॅक्टचा, पण दुखणं तेच.

ट्रायल कशी घ्यायची, लायसन्स किती लागतील हे तुम्ही बघालच, त्यावर लिहीत नाही. मी आयटीवाला नाही, प्लॅनिंगवाला आहे, त्यामुळे टेक्निकल काही चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करा.

आम्हाला सगळ्यात महाग पडले ते मायग्रेशनवाले, म्हणजे जुन्या टूलमधला डेटा नव्यात नेऊन देणारे. नाव घेत नाही. डेमोला आले, रंगीबेरंगी बोर्ड दाखवला, "तुमचा शंभर टक्के डेटा येणार सर" म्हणाले, आणि आला पण, म्हणजे टास्कची नावं आणि तारखा आल्या. पुढे एका कामात मुदतवाढ मागायची वेळ आली तेव्हा क्लायंटने पहिली मंजूर बेसलाइन (सुरुवातीला गोठवून ठेवलेलं मूळ वेळापत्रक) मागितली, आणि कुठल्या टास्कची प्रगती कोणी कधी भरली ते मागितलं. नव्या टूलमध्ये उघडून बघतो तर प्रत्येक टास्कवर तयार केल्याची तारीख एकच, मायग्रेशनच्या रविवारची, आणि तयार करणाऱ्याच्या जागी त्यांच्याच अकाउंटचं नाव. पाया खोदण्यापासून रंगकामापर्यंत सगळं त्या एका माणसाने एका रविवारी केलं! फोन केला तर "हिस्टरी स्कोपमध्ये नव्हती", मेल केला तर तिकीट नंबर, आणि तिकीट दोन दिवसांनी आपोआप क्लोज. तोवर जुनं टूल बंद झालेलं, आत जायला दारच नाही. साइटवरचं कागदी हिंडरन्स रजिस्टर (काम कशामुळे अडलं त्याची वही) होतं म्हणून थोडं तरी निभावलं, नाहीतर एलडी (उशिराचा दंड) पूर्ण आमच्या बोडक्यावर बसली असती.

म्हणून सांगतो, फाईल डाउनलोड केली म्हणजे डेटा आला असं धरू नका. एमपीपी फाईलमध्ये (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची स्वतःची फाईल) शेड्यूल येतं, बेसलाइनपण येतात (प्रोजेक्टमध्ये अकरा ठेवता येतात), पण टाइमशीट (कोणी किती तास काम केलं त्याच्या नोंदी), त्यांची अप्रूव्हल्स, प्रोजेक्ट साइटवरचे इश्यू, रिस्क, डॉक्युमेंट हे त्यात नसतं. टाइमशीटसारखं ते ओडेटा फीडमधून (प्रोजेक्ट ऑनलाइनचा डेटा टेबलांच्या रूपात देणारी लिंक) काढायचं, एक्सेलमधल्या डेटा ओढून आणणाऱ्या पॉवर क्वेरीने जमतं, टाइमशीटच्या ओळी, बेसलाइन, असाइनमेंट सगळे टेबल वेगवेगळे मिळतात. डॉक्युमेंट शेअरपॉइंटवरून वेगळी उतरवा. आणि हे अॅडमिन राइट्स ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडूनच नीट होईल, तो माणूस तुमच्या कंपनीतला आहे की लायसन्स विकणाऱ्याचा, हे आजच बघून घ्या. कित्येक ठिकाणी तो विकणाऱ्याचाच निघतो, आणि मग फोन उचलतो तो त्याच्या सवडीने.

दुसरी गोष्ट कॅलेंडर. ही कोणी सांगत नाही. एका टूलमधून दुसऱ्यात नेण्याच्या एक्सएमएल फाईलमध्ये कालावधी तासांत जातो, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने दहा दिवसांचं काम ८० तास म्हणून जातं, आणि नव्या टूलमध्ये तुम्ही दिवस नऊ तासांचा ठेवला असेल तर तेच काम नऊ दिवसांहून थोडं कमी दिसतं. कोणी हात लावलेला नसतो तरी प्रोजेक्ट लवकर संपताना दिसतो आणि साहेब खूश! त्यात शनिवार चालू की बंद, चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी, ३ डिसेंबरचं सेंट झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन हे तयार टेम्प्लेटमध्ये नसतंच, हाताने भरावं लागतं. आमच्या कॅलेंडरला जून ते सप्टेंबर मातीकाम बंद होतं, नव्यात ते नव्हतंच, त्यामुळे ऐन जुलैच्या पावसात भराव चालू दिसायचा. एक जुना संपलेला प्रोजेक्ट आधी नेऊन बघा, शेवटची तारीख जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

आता टूल. हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. प्लॅनर (त्यांचंच साधं टास्क-टूल) घ्या असं मायक्रोसॉफ्टवाले सांगतील, लहान कामांना ठीक आहे, पण पीडब्ल्यूएमधली (प्रोजेक्ट ऑनलाइनच्या वेबसाइटवरची) टाइमशीट जशीच्या तशी तिथे मिळेल या आशेवर राहू नका. डेस्कटॉपचं प्रोजेक्ट बंद होत नाहीये, प्लॅनिंग करणारे दोन-तीनच असतील तर तेच ठेवा आणि फाईली शेअरपॉइंटवर, खरं सांगू तर निम्म्या कंपन्यांना एवढंच पुरेल. आपल्याच सर्व्हरवर हवं आणि आयटीला हौस असेल तर ओपनप्रोजेक्ट हे ओपन सोर्स टूल आहे, किंवा मायक्रोसॉफ्टचंच प्रोजेक्ट सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशन, फक्त २०१६ आणि २०१९ वाले सर्व्हर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्यांचा सपोर्ट १४ जुलै २०२६ लाच संपतो. झोहोचं प्रोजेक्ट टूल स्वस्तात पडतं. प्रायमाव्हेरा (मोठ्या बांधकामांसाठीचं ओरॅकलचं प्लॅनिंग टूल) क्लायंटने मागितलं तरच, नाहीतर शिकवता शिकवता माणसं पळून जातात.

आणि ३० सप्टेंबरच्या भरवशावर राहू नका. २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे, त्याच्या आधीपासूनच अर्धं ऑफिस माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) सामानाला पळालेलं असणार आणि विसर्जनं उरकून माणसं परत येईपर्यंत महिना संपत आलेला असेल. जुलैअखेर सगळं बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा. मायग्रेशनच्या वर्क ऑर्डरमध्ये "बेसलाइन, प्रत्यक्ष नोंदी आणि मूळ तारखा" असं शब्दात लिहून घ्या, आणि शेवटचं पेमेंट तुम्ही स्वतः तपासल्यावरच सोडा, त्यांच्या सर्टिफिकेटवर नाही.

तुमच्याकडे टाइमशीटवरून कॉन्ट्रॅक्टरची बिलं निघतात का ते सांगा, निघत असतील तर ऑडिटचंही बघावं लागेल, त्यावर वेगळं लिहितो.