गावात घरच्या हायफाय सिस्टीमसाठी गाण्यांचा सोर्स कोणता बरा, सीडी, रेकॉर्ड की मोबाईल?

मले विचाराल तं पेनड्राइव्हवर फ्लॅक (FLAC, एमपीथ्रीसारखाच गाण्याच्या फाइलीचा एक प्रकार) फाइली, बाकी सगळं नंतर. आपल्याकडे रेंजचा काही भरवसा नाही, स्ट्रीमिंग ऐन तानेत अटकते, अन् ब्लूटूथ तं आवाजाचा डेटा दाबून लहान करूनच पाठवते भाऊ. सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट, एमपीथ्री लय झालं तं ३२०, फ्लॅकमदी मात्र सीडीतलं काहीच गळत नाही अन् जागाही जवळपास अर्धीच लागते. फक्त तुमचा प्लेअर फ्लॅक वाचते का थे आधी पाहा, काही नुसतं एमपीथ्रीच वाजवतात. रेकॉर्डचा नाद मस्त हाय, पण मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत तबकडी वाकडी होते, धूळ वेगळीच. जुन्या सीडी असतील तं फेकू नका बाप्पा, कॉम्प्युटरवर रिप करून घ्या, म्हंजे त्यातली गाणी फाइली करून उतरवून घ्या.