वर्गात सल्लागाराला बसू द्यावे का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील विद्यापीठात नव्यानेच रुजू झालेल्या प्राध्यापकाने तेथील अध्यापन केंद्राच्या सल्लागाराला आपल्या तासाला बसू द्यावे का, आणि त्याची टिपणे विभागप्रमुखांच्या टेबलावर तर जाणार नाहीत ना. दुसरी शंका आधी घेतो, कारण ती फिटल्याशिवाय पहिलीचा मोकळेपणाने विचार होणार नाही.

मागच्या बाकावर कोणी पाहुणा येऊन बसला की ती तपासणीच, हे आपल्या मनात शाळेपासून घट्ट बसलेले असते. पण अध्यापन केंद्राचे काम तपासणीचे नसते, प्राध्यापकांना शिकवणे सुधारायला मदत करण्याचे असते. मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये असे केंद्र स्थापन केले आणि पुढे ठिकठिकाणी तशी केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी बहुतेकांचे पथ्य असे की सल्लामसलत ऐच्छिक आणि गोपनीय असते व टिपणे फक्त शिकवणाऱ्याच्या हाती दिली जातात. विभागातील ज्येष्ठ सहकारी येऊन तास पाहतात आणि त्यांचा अभिप्राय टेन्यूरच्या, म्हणजे नोकरी कायम करण्याच्या, फायलीत जातो, तो प्रकार निराळा. आपल्याला नेमके कशाचे बोलावणे आहे, हे ईमेलने लेखी विचारून घ्यावे; त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. बोलवावे, पण मोघम अपेक्षा ठेवून नव्हे. तासाआधी सल्लागाराशी जी भेट होते, तिला नवे लोक उपचार समजतात; माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. ‘माझे शिकवणे कसे वाटते ते पाहा’ असे सांगितले, तर ‘छान, उत्साही’ असे गुळमुळीत उत्तर मिळते. त्याऐवजी ‘मी प्रश्न विचारल्यावर वर्गात काय घडते ते टिपा’ असे सांगावे. मग हाती येणारा कागद काहीसा असा असतो: १०.१४, प्रश्न विचारला; १०.१४, स्वतःच उत्तर दिले; १०.२२, प्रश्न, पहिल्या रांगेतून उत्तर; १०.३१, ‘समजले ना?’, लगेच पुढची स्लाइड. यात कोणाचे मत नाही, त्यामुळे वाद घालायलाही जागा राहत नाही. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते. पण स्वतःच्या तासाच्या वेळा समोर दिसल्याशिवाय ते कोणाला पटत नाही. विज्ञान शाखांसाठी २०१३ पासून ‘कोपस’ नावाची पद्धतही वापरात आहे. तीत दर दोन मिनिटांनी शिक्षक आणि विद्यार्थी काय करत आहेत, याच्या ठरावीक खुणा केल्या जातात.

दुसरी सेवा सत्राच्या मध्यावरची, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. तासाच्या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत आपण वर्गाबाहेर जायचे. सल्लागार विद्यार्थ्यांचे छोटे गट करून शिकायला कशाची मदत होते, काय बदलावे आणि कसे, हे विचारतो व कोणत्या मुद्द्यावर वर्गाचे एकमत आहे ते पडताळतो. वॉशिंग्टन विद्यापीठात रूढ झालेल्या या पद्धतीमुळे एकट्यादुकट्याची कुरकुर आणि सगळ्या वर्गाची अडचण वेगळी काढता येते. आपल्यासारख्या परदेशातून आलेल्यांना ‘उच्चार कळत नाहीत’ हा शेरा हमखास मिळतो. सत्राअखेरच्या लेखी अभिप्रायात तो तेवढाच राहतो. इथे सल्लागार खोदून विचारू शकतो, आणि पुष्कळदा निघते ते असे की नव्या संज्ञा फळ्यावर लिहिल्या जात नाहीत किंवा उदाहरण सोडवताना वेग फार असतो. यावर त्याच आठवड्यात इलाज होतो.

मात्र पुढच्या तासाला विद्यार्थ्यांना दोन वाक्यांत सांगावे, की अमुक बदलतो आहे आणि तमुक या कारणासाठी तसेच ठेवतो आहे. हे राहून गेले, तर विचारले कशाला, असे त्यांना वाटते. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ही चर्चा पाचव्या ते सातव्या आठवड्यात व्हायला हवी, म्हणून वेळ सत्राच्या सुरुवातीलाच मागून ठेवावी.