ग्रीन कार्डाच्या रांगेत नवे वर्ष

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-१बी या तात्पुरत्या नोकरी-व्हिसावर आहे. ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन बरीच वर्षे झाली. मुलगी १७ वर्षांची आहे. धोरण बदलेल या आशेवर दर वर्षअखेरीस सारे बेत पुढे ढकलतो. यंदा काय ठरवावे?

उत्तर : आपली घालमेल समजते, परंतु धोरणाच्या भरवशावर वर्ष आखू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दर वर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्केच, ही मर्यादा कायद्यातच आहे. ती उठवणारे विधेयक २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने संमत केले, २०२० मध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा संमत केला, आणि तरीही दोन्हींचा मेळ न बसल्याने कायदा झाला नाही.

आपल्या घरात खरी निकड मुलीची आहे. पालकांबरोबर ग्रीन कार्ड मिळण्यासाठी अपत्याच्या वयाची मर्यादा २१ वर्षांची असली, तरी आय-१४० अर्ज जितके दिवस प्रलंबित होता, तितके दिवस व्हिसा क्रमांक उपलब्ध होतानाच्या, म्हणजे रांगेत आपली पाळी येतानाच्या, तिच्या वयातून वजा होतात. हा हिशेब जानेवारीतच वकिलाकडून लेखी करून घ्यावा. या हिशेबाने ती २१ वर्षांची होण्याआधी आपली पाळी येण्याची शक्यता नसेल, तर तिच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची व महाविद्यालयीन शुल्काची तरतूद आतापासून करावी, आणि हे तिच्यापासून लपवू नये. सतराव्या वर्षी मुलांना सारे कळते.

नोकरी बदलण्याचा बेतही अडवून ठेवू नका. नव्या कंपनीला ग्रीन कार्डाची प्रक्रिया पुन्हा करावी लागते, पण मंजूर अर्जाची अग्रक्रम तारीख, म्हणजे रांगेतील जागा ठरवणारी तारीख, सहसा आपल्याकडेच राहते.