प्रस्ताव नंतर, आधी बाटली भरा

ताई, गोवंडीतल्या बालवाडीच्या पाण्यातलं शिसं कमी करायला निधी उभारताय, मनापासून बरं वाटलं. पण आधी तपासणी करा. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र) शिसं कळत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळाच गाठा. टाकीचा नळ रात्रभर बंद ठेवून सकाळची पहिली धार एका बाटलीत धरा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून दुसरी भरा. पहिलीतच शिसं जास्त निघालं, तर दोष बहुधा पितळी नळात किंवा जवळच्या पाइपात. मग अख्खी लाइन नाही, तेवढंच बदलायचे पैसे मागता येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फक्त फिल्टरची किंमत मागतात. कार्ट्रिज (फिल्टरमधला बदलावा लागणारा भाग) आणि फेरतपासणीचा तीन वर्षांचा खर्च धराच. आमच्या पहिल्या शाळेत तो धरला नव्हता. वर्षभरात फिल्टर बंद, मुलं पुन्हा त्याच नळावर. अजून टोचतं ते.
- पाणी उकळायला सांगतात. उकळून शिसं जात नाही, पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं.

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीच्या निधीत) सुरक्षित पिण्याचं पाणी बसतं, मात्र संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. बाकी कागदपत्रं नंतर. अहवाल आला की कळवा, प्रस्ताव सोबत बसून लिहू.