दहा फुटांच्या आत: अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या मतदान केंद्रावर दोन परिच्छेद लिहिले, तर संपादकांकडे पत्रांचा ढीग लागला. ट्रम्प आणि बायडन यांच्यावर मी पानंच्या पानं लिहिली तेव्हा कुणी पोस्टकार्डसुद्धा टाकलं नव्हतं. मी इथे १९८६ साली आले, नागरिक झाले १९९८ मध्ये. जे पाहिलंय तेवढंच सांगते.

प्रश्न: तुमच्याकडे निवडणूक आयोग नाही असं तुम्ही लिहिलंत. मग निवडणूक घेतं कोण? आणि तिच्यावर भरवसा ठेवायचा कसा? (निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

काका, वॉशिंग्टनमध्ये फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण ते बघतं प्रचाराच्या पैशाचा हिशेब. मतदान घेणं हे राज्यांचं काम, आणि राज्यं ते काउंट्यांच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, गळ्यात घालतात. पेनसिल्व्हेनियात अशा ६७ काउंट्या आणि नऊ हजारांवर मतदान केंद्रं. प्रत्येक केंद्रावर एक 'जज ऑफ इलेक्शन्स' आणि दोन इन्स्पेक्टर. ही तिन्ही माणसं चार वर्षांसाठी निवडून येतात, आजूबाजूच्या घरांच्या मतांवर. जज म्हटल्यावर काळा डगला डोळ्यांसमोर आणू नका. आमची जज शाळेची बस चालवायची.

इन्स्पेक्टरांच्या निवडणुकीत एक छान खुबी आहे. जागा दोन, पण मतदाराला मत एकालाच देता येतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक इन्स्पेक्टर या पक्षाचा आणि दुसरा त्या पक्षाचा येतो. जास्त मतांचा तो मेजॉरिटी इन्स्पेक्टर, कमी मतांचा मायनॉरिटी. मी मायनॉरिटी इन्स्पेक्टर आहे. (भारतीय म्हणून नव्हे. माझ्या आतेभावाने हे ऐकून मला सहानुभूतीचा फोन केला होता.) २०१७ मध्ये त्या रकान्यात छापील नावच नव्हतं. समोरच्या बाईंनी आठ-दहा घरी फोन केले आणि माझं नाव हाताने लिहायला सांगितलं. अकरा जणांनी लिहिलं. दोघांनी आडनावाचं स्पेलिंग चुकवलं, म्हणून ती दोन मतं कुणा भलत्याच बाईच्या नावावर जमा झाली. नऊ मतांनी मी लोकप्रतिनिधी झाले.

आमचं केंद्र म्हणजे स्वयंसेवी अग्निशमन दलाचा हॉल. पगार न घेता बंब चालवणाऱ्या अशा दलांची इथे जुनी परंपरा आहे. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात पहिलं दल काढलं ते १७३६ साली. मतदानाच्या दिवशी दोन्ही बंब बाहेर अंगणात उभे करतात आणि त्यांच्या जागी आम्ही घडीची टेबलं मांडतो. पहाटे सव्वासहाला पोचायचं, सातला दार उघडायचं, रात्री आठला बंद करायचं. आठच्या ठोक्याला रांगेत असेल त्याला मत द्यायला मिळतंच. मोबदला दोनशे डॉलरच्या आत, आणि दलाच्या बायका विकतात ते बीन्सचं सूप स्वतःच्या पैशाने.

आता तुमच्या मनात खुपणारी गोष्ट. आमच्या राज्यात त्या केंद्रावर पहिल्यांदा येणाऱ्यालाच ओळखपत्र मागतात. एरवी माणूस नाव सांगतो, वहीत सही करतो, मतपत्रिका घेतो. बोटाला शाई नाही, दाराशी पोलीस नाही. पहिल्या वर्षी माझ्या पोटात गोळा आला होता. सगळ्यांना ओळखपत्र सक्तीचं करणारा कायदा इथे २०१२ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, कारण ते नसलेल्या गरीब आणि वृद्ध माणसांचं मत बुडत होतं. मला विचाराल तर ओळखपत्र मागावं, पण आधी ते घरपोच फुकट द्यावं. माझं हे मत इथल्या दोन्ही पक्षांना आवडत नाही.

मग भरवसा कशाचा? वहीतल्या सह्या, क्रमांक घातलेली मतदारांची यादी आणि स्कॅनरमध्ये गेलेल्या कागदी मतपत्रिका, या तिन्हींचा आकडा जुळावा लागतो. एकदा रात्री यादीत एक माणूस जास्त निघाला. बसवाल्या जजबाईंनी कुणालाही घरी जाऊ दिलं नाही. पाऊण तास आम्ही कोऱ्या मतपत्रिका पुन्हा पुन्हा मोजत होतो. शेवटी दुसऱ्या पक्षाच्या इन्स्पेक्टरला आठवलं, दुपारी एका तरुण बाईचं बाळ रडायला लागलं होतं आणि ती सही करून, मतपत्रिका टेबलावरच ठेवून गेली होती. तशी नोंद केली, आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या, निकालाची एक प्रत दारावर चिकटवली. रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये कुत्रं फिरवणाऱ्या माणसालाही आमच्या केंद्राचा निकाल वाचता येतो.

२०२० मध्ये इथली मोजणी एवढी लांबली त्याचं कारणही कायद्यात आहे. टपालाने आलेली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी फोडायची नाहीत असा नियम आहे, आणि त्या साली पंचवीस लाखांहून जास्त पाकिटं आली होती. मतदान ३ नोव्हेंबरला, आणि वाहिन्यांनी निकाल सांगितला शनिवारी, ७ तारखेला. मधल्या चार दिवसांत केवढ्या अफवा पिकल्या ते तुम्ही पुण्यात बसून पाहिलंत. एवढं होऊनही २०२४ ला नियम तोच होता. याला मी कट म्हणणार नाही, विधिमंडळाचा आळस म्हणेन.

प्रश्न: कमी मतं मिळवणारा अध्यक्ष होतो, याला लोकशाही म्हणायचं का? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

२००० आणि २०१६ मध्ये तसं झालं, हे खरं. अध्यक्ष निवडतात ते ५३८ इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी. त्यांतले २७० मिळाले की जिंकला. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला राज्यातले सगळे इलेक्टर. २०१६ ला ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी घेतलं. आमच्या राज्यातल्या केंद्रांनी भागून बघ, दर केंद्रामागे पाच मतंसुद्धा होत नाहीत.

याचा रोजच्या जगण्यातला परिणाम सांगते. २०२४ च्या ऑक्टोबरात माझ्या टपालपेटीत आलेली प्रचारपत्रकं मी एका पिशवीत साठवली आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. पावणेदोन किलो भरली. माझी मावसबहीण नदीपलीकडे न्यू जर्सीत राहते, तिला अध्यक्षपदाचं एकही पत्रक आलं नाही. तिथला निकाल आधीच धरून चाललेला, मग तिला कोण विचारतो? मला ही पद्धत पटत नाही. पण बदलायची तर घटनादुरुस्ती हवी, त्याला तीन चतुर्थांश राज्यांची संमती हवी, आणि ज्यांचं यात भागतंय ती राज्यं ती देणार नाहीत.

प्रश्न: तिकडे पक्षाचं तिकीट कोण वाटतं? श्री ठाणेदार खासदार झाले, त्यांना कुणी उभं केलं? (पत्रकार, बेळगाव)

कुणीच नाही, तेच तर सांगायचंय! तिकीट वाटणारी हायकमांड इथे नसते. आमच्याकडे खासदारकीसाठी १,००० मतदारांच्या सह्या आणल्या की पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे प्रायमरीत, नाव लागतं. पक्षनेत्यांना तुम्ही डोळ्यांसमोर नको असलात तरी. आणि पक्षाचं सदस्य होणं म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जावर एका चौकटीत खूण करणं.

तुमच्या बेळगावचे ठाणेदार याच वाटेने गेले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त घालून ते प्रायमरीत हरले. २०२० ला राज्याच्या विधिमंडळात गेले. २०२२ ला डेट्रॉइटच्या मतदारसंघातल्या गर्दीच्या प्रायमरीत जेमतेम २८ टक्के मतांवर पहिले आले आणि मग काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत. उघड्या दाराचा हा फायदा. तोटाही त्यातच दिसतो, कारण त्या दारातून आत जायला खिसा जड असला तर बरं पडतं. शिवाय प्रायमरीला मत देतात थोडेच लोक, आणि ते पक्षातले सगळ्यात तापलेले असतात. मग उमेदवारही त्यांच्या तापमानाला बोलतो. तुम्ही टीव्हीवर जी आरडाओरड बघता तिचं मूळ पुष्कळदा तिथे असतं.

प्रश्न: माझा मुलगा ओहायोत व्हिसावर नोकरी करतो. ऑफिसातले मित्र त्याला प्रचाराला बोलावतात. जावं का त्याने? (एक आई, नाशिक)

ताई, जायला हरकत नाही, पण दोन गोष्टी त्याच्या कानावर घाला. एक, पैसा द्यायचा नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने पाच डॉलरची देणगी दिली तरी कायदा मोडतो, मग निवडणूक अध्यक्षाची असो की गावच्या शाळेची. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दारोदार फिरणं त्यालाही चालतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर 'मतदार म्हणून नोंदणी करायची का' असं विचारतात, १९९३ च्या कायद्याने विचारावंच लागतं. घाईत 'हो' म्हटलं आणि चुकून मतदान झालं, तर पुढे ग्रीन कार्ड, नागरिकत्व सगळं अडकतं. त्याला 'नाही' म्हणायला सांगा. भिडस्त असेल तर दोनदा सांगा.

बाकी फिरू दे त्याला. इंग्रजी सुधारेल, आणि कुत्री किती प्रकारची असतात ते कळेल.

प्रश्न: शेजारी दुसऱ्या पक्षाचा निघाला तर बोलणं बंद होतं का? (गृहिणी, सोलापूर)

होतं, काही घरांत जेवणाच्या टेबलावरही होतं. आमच्याकडे अंगणात उमेदवाराच्या नावाची पाटी रोवायची पद्धत आहे. आमची पाटी एका वादळात उडून शेजाऱ्याच्या गवतावर पडली. त्याच्या अंगणात विरुद्ध पाटी. सकाळी तो ती आणून देताना मी खिडकीतून पाहिला, मेलेला उंदीर शेपटीला धरून आणावा तशी दोन बोटांत धरून. बेल वाजवली नाही. पण पुन्हा मातीत रोवून, ठोकून गेला. आम्ही आजही फक्त पावसापाण्याचंच बोलतो.

प्रश्न: लिंकन, केनेडी ही नावं सोडून, तुम्हाला स्वतःला दिसलेलं अमेरिकन नेतृत्व कसं आहे? (प्राध्यापक, कोल्हापूर)

सर, शाळेच्या बोर्डाच्या बैठकीत दिसलं. इथे शाळा चालवायला निवडून आलेलं नऊ जणांचं बोर्ड असतं, एक छदाम मिळत नाही आणि शिव्या भरपूर. घरपट्टीचा मोठा भाग हेच लोक ठरवतात. २०२१ च्या उन्हाळ्यात मुलांना मास्क घालायला लावायचा की नाही, यावर व्यायामशाळेत बैठक होती. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी. लोकांना बोलू देणं कायद्याने भाग, म्हणून प्रत्येकाला तीन मिनिटं. एक दांडगा बाप बोलायला उठला. अध्यक्षबाई मास्कच्या बाजूच्या, हा कट्टर विरोधातला. त्याने बाईंनाच सुनवायला सुरुवात केली, तशी मागून हुर्यो उठली. दुसऱ्या कुणी माइक बंद करून मोकळं व्हायचं. बाईंनी घड्याळ थांबवलं आणि हुर्यो करणाऱ्यांना म्हणाल्या, तुम्ही गप्प होईपर्यंत यांचा वेळ मोजला जाणार नाही, यांची चाळीस सेकंदं शिल्लक आहेत. सभा गप्प झाली. त्याने चाळीस सेकंदांत उरलेलं सुनावलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं, आभार मानले, आणि मत मात्र त्याच्या विरुद्धच दिलं. पुढच्या निवडणुकीत बाई पडल्या.

ही रीत हवेतून आलेली नाही. हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करातल्या इंजिनिअरला १८६३ मध्ये न्यू बेडफर्डच्या चर्चमधली एक सभा चालवावी लागली. त्याला ती अजिबात आवरली नाही. त्या फजितीतून त्याने अभ्यास केला आणि १८७६ मध्ये सभेचे नियम छापले. आजही इथली भजनी मंडळापासून कामगार संघटनेपर्यंतची सभा 'रॉबर्ट्स रूल्स'वर चालते.

मोठ्यांमध्येही एक प्रसंग आठवतो. ऑक्टोबर २००८, ओबामांच्या विरोधात अध्यक्षपदाला उभे असलेले जॉन मॅकेन यांची मिनेसोटातली सभा. एक बाई म्हणाल्या, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी माइक काढून घेतला आणि सांगितलं की ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आणि नागरिक आहेत, त्यांचे-माझे मूलभूत मतभेद आहेत इतकंच. याच सभेत, याच विषयावर, त्यांच्याच माणसांनी त्यांना हूटही केलं. (अरब माणूस सभ्य नसतो का, हे तेव्हाही खटकलं होतं आणि अजून खटकतं.)

प्रश्न: एवढं लिहिलंत, पण तुम्ही स्वतः कोणत्या पक्षाच्या? (अनेक वाचक)

आमच्या राज्यात मतदान केंद्रापासून दहा फुटांच्या आत प्रचार करता येत नाही. दरवर्षी पहाटे मी आणि दुसऱ्या पक्षाचा इन्स्पेक्टर टेप घेऊन हॉलच्या दारापासून अंतर मोजतो. टोक तो धरतो, खडू माझ्याकडे असतो. २०२१ मध्ये मी पुन्हा मायनॉरिटी म्हणूनच आले, या खेपेला चौदा मतांनी. आडनाव सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं.